खुर्ची राहिली, मत गेलं

नवं मंत्रिमंडळ शपथ घेतं त्या संध्याकाळी माझ्या फोनवर एकच प्रश्न फिरत असतो : आपले किती? एखादा असला की मिठाई, नसला की मातम. हा हिशेब मला पटत नाही. का, ते सांगण्यासाठी मी श्रीलंकेचं, म्हणजे तेव्हाच्या सिलोनचं उदाहरण घेतो.

४ फेब्रुवारी १९४८ रोजी सिलोन स्वतंत्र झालं. पंतप्रधान डी. एस. सेनानायके यांचं मंत्रिमंडळ पाहिलं तर कुणीही म्हणेल, वा, सगळे समाज आहेत की! कामगार खातं टी. बी. जाया या मलाय मुस्लिम नेत्याकडे. व्यापार खातं सी. सुंदरलिंगम या तमिळ गृहस्थांकडे. अल्पसंख्याकांना निम्म्या जागा द्या म्हणून सोलबरी आयोगापुढे भांडलेले जी. जी. पोन्नंबलमही त्याच वर्षी उद्योगमंत्री झाले. शिवाय घटनेत कलम २९ होतं. इतरांवर नसलेलं बंधन एखाद्याच समाजावर लादणारा कायदा संसदेला करता येणार नव्हता.

आणि त्याच वर्षी नागरिकत्वाचा कायदा आला. चहाच्या मळ्यांत राबणाऱ्या भारतीय वंशाच्या तमिळ मजुरांना बापाच्या, आजोबाच्या जन्माचा पुरावा देणं भाग पडलं. (ही भाषा आपल्याला अनोळखी नाही.) ज्यांच्या जन्माची कुठे नोंदच नव्हती, त्यांनी दाखले आणायचे कुठून? सुमारे ७ लाख माणसं बेवतन झाली. १९४९ मध्ये त्यांचा मताधिकारही गेला. १९४७ च्या निवडणुकीत त्यांनी निवडून दिलेले खासदार संसदेत बसले होते. १९५२ मध्ये एकही नव्हता.

मग ते मंत्री काय करत होते? मंत्रिमंडळाची जबाबदारी सामूहिक असते. आत कितीही वाद घाला, बाहेर मात्र सरकारचाच सूर लावायचा. जमत नसेल तर राजीनामा द्यायचा. सुंदरलिंगम भारतीय आणि पाकिस्तानी रहिवाशांच्या विधेयकावरील मतदानाच्या वेळी सभागृहातून निघून गेले. पंतप्रधानांनी जाब विचारला आणि त्यांचं मंत्रिपद गेलं. पोन्नंबलम मात्र राहिले. वैतागलेल्या चेल्वनायकमांनी १९४९ मध्ये वेगळा फेडरल पक्ष काढला. कलम २९ वर भिस्त ठेवणारे प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले. १९५३ मध्ये तिथे उत्तर मिळालं की हा नागरिकत्वाचा कायदा आहे, एका समाजावरचं बंधन नव्हे!

१९५६ मध्ये बंडारनायके पंतप्रधान झाले. त्यांच्या मंत्रिमंडळात सी. ए. एस. मरिक्कार हे मुस्लिम मंत्री होते. 'फक्त सिंहली' हा भाषेचा कायदा त्याच सरकारने केला.

बाहेर राहणाऱ्यांना तरी काय मिळालं, असं कुणी विचारेल. रास्त आहे. चेल्वनायकमांनी १९५७ मध्ये बंडारनायकेंशी करार केला. भिक्खूंनी पंतप्रधानांच्या घरापुढे ठाण मांडलं आणि १९५८ मध्ये बंडारनायकेंनी तो मोडला. पण करार करायला पंतप्रधान आले कुणाकडे? एकही मंत्रिपद नसलेल्या, पण उत्तर आणि पूर्व भागातल्या तमिळ मतदारांनी निवडून दिलेल्या माणसाकडे. म्हणून मला मंत्र्यांचा आकडा नको, मतदार यादीत आपल्या मोहल्ल्यातली किती नावं शाबूत आहेत तो आकडा हवा. तो मात्र कुणी पाठवत नाही.

मळ्यांतल्या मजुरांकडे मतच उरलं नव्हतं. १९६४ मध्ये सिरिमाव बंडारनायके आणि आपले लालबहादूर शास्त्री या दोन पंतप्रधानांनी त्यांची वाटणी केली : ५,२५,००० भारताने घ्यायचे, ३,००,००० सिलोनने ठेवायचे, उरलेल्या दीड लाखांचं नंतर बघू. तुम्हाला कुठे राहायचंय, हे त्यांना कुणी विचारलं नाही.