मुक्काम पोस्ट गावकुसाबाहेर

पत्त्यावर आपण 'मु. पो.' लिहितो. गावात टपाल ऑफिस असलं तर मुक्काम नि पोस्ट एकच. नसलं तर मुक्काम एक, पोस्ट दुसऱ्याच गावचं. नि आमची वस्ती? ती दोन्हीत नाही.

१५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला. सहा आकडे. पण ते आकडे पत्राला वाटप करणाऱ्या ऑफिसापर्यंतच नेतात. तिथं थैली फुटते, खेड्यांच्या शाखांसाठी वेगळ्या थैल्या भरतात. पुढं सगळं शाखा डाकपालाच्या हातात. हा ग्रामीण डाकसेवक. कामाचे तास चार-पाच. १९७७ साली सुप्रीम कोर्टानं या लोकांचं पद नागरी पद मानलं, तरी कायम नोकरासारखं पेन्शन काही मिळालं नाही. वर ऑफिसला जागाही त्यानंच द्यायची! म्हणजे सरकारी टपाल कुणाच्या तरी ओसरीवर. ती ओसरी कुठल्या आळीत, हे दोस्तांनो, तुम्हाला सांगायला पायजे?

मी मॅट्रिक. मुंबईच्या गोदीत पोती उचलतो, रात्री कविता लिहितो. एका नोकरीच्या मुलाखतीचं पत्र गावच्या पत्त्यावर आलं. मायच्या हातात पडलं तेव्हा तारीख उलटून नऊ दिवस झालेले. पत्र होतं कुठं? किराणा दुकानात, उधारीच्या वहीखाली. का, तर वस्तीवर कोण जातं, कुणी आलं की देऊ. माय ओसरीखाली उभी राहून विचारायची, ''दादा, आमचं काय आलंय का?'' वरून उत्तर, ''नाही.''

गंमत बघा. सरकारी टपाल गावोगाव पोचवणं ही महारकीच होती. उन्हापावसात माझे पणजे-खापरपणजे दुसऱ्यांची पत्रं घेऊन पळाले. १९५८ च्या कायद्यानं ते वतन गेलं, बरं झालं. पण त्यांच्या पणतवाचं एक पाकीट वेशीबाहेर शंभर पावलं चालत नाही!

त्या डाकसेवकावर नुसते दात खाऊन भागणार नाही. तोही अर्धपोटीच राबतो. त्याला कायम करा, पुरा पगार द्या. नि ऑफिस त्याच्या ओसरीवरून उठवा, ग्रामपंचायतीत आणा, नाहीतर शाळेत, जिथं कुणालाही पायरी चढता येईल. टपाल घरोघर जातं का, हे वस्तीत येऊन तपासा. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं ठरवलं. आमच्याकडं भीमनगरची पाटी लागली. पाटी लागली, टपाल आलं नाही.

मायला फोनवर सांगितलं, पुढल्या खेपेला खाली उभी राहू नकोस, वर चढून विचार.

माय म्हणाली, ''तू ये गावाला. संगंच चढू.''