हिवाळ्याची म्हातारी

स्कॉटलंडच्या पर्थशायर परगण्यात, ग्लेन लायनजवळच्या एका निर्जन खोऱ्यात, दगडांचे एक इवलेसे घर आहे. आत गुळगुळीत गोटे आहेत. काल्याख म्हणजे म्हातारी, तिचा म्हातारा आणि मुलेबाळे. मे लागताच ते बाहेर मांडायचे, नोव्हेंबरच्या तोंडावर पुन्हा आत ठेवायचे, हा तेथील जुना परिपाठ. हिवाळ्याच्या या देवीचा लोकांना धाकच अधिक. सुगीची शेवटची पेंढी तिच्याच नावाची; ज्याची कापणी मागे राहील त्याने ही म्हातारी हिवाळाभर पोसायची! आळसाला याहून चांगला दंड कोणता?

जेराल्ड गार्डनर यांच्या १९५४ सालच्या पुस्तकाने जी नवी चेटूकविद्या प्रकाशात आणली, तिच्या अनेक उपासकांनी काल्याखला त्रिरूप देवीतील वृद्धेचे आसन दिले. त्यांचा भाव खरा असेल; मला त्याची चेष्टा करवत नाही. पण कुमारी, माता, वृद्धा ही त्रयी मुख्यतः रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांच्या १९४८ च्या ग्रंथाने रूढ केली, गुराख्यांनी नव्हे. अवेळी गायिलेला राग सुरात असला तरी आम्हा गाणाऱ्यांना खटकतो, तसेच हे. खोरे, थंडी आणि गुरांची काळजी वगळून, घरात मेणबत्तीपुढे तिची आराधना करणे सोपे आहे. गारठ्यात डोंगर चढून ते गोटे आत ठेवणाऱ्याला मी आधी नमस्कार करीन.