मूळ संख्या शंभरावर संपत नाहीत



शिष्यवृत्तीची तयारी करणाऱ्या मुलाला विचारा, "१ ते १०० मध्ये मूळ संख्या किती?" लगेच उत्तर येतं, "२५." आता त्यालाच विचारा, "१११ मूळ आहे का?" बरीच मुलं गप्प होतात, कारण ती संख्या पाठ केलेल्या यादीत नाही. आपल्या लातूर-नांदेडकडे शिकवणीचं वारं प्राथमिक शाळेपर्यंत पोहोचलंय. प्रश्नसंच सोडवून घ्यायला माझा विरोध नाही. पण यादी पाठ झाली म्हणजे मूळ संख्या समजली, असं मला वाटत नाही.

एकदा फळ्यावर १११ लिहून बघा. अंकांची बेरीज ३, म्हणजे ३ ने भाग जातो. ३ × ३७. मग ११११ लिहा. चार एकांचे दोन-दोनचे गट पडतात, म्हणून ११ ने भाग जातो. ११ × १०१. सहा एक, नऊ एक घेतले तरी तसंच. गट पडले की संख्या संयुक्त!

मुलं म्हणतील, "मग पाच एक घेऊ, त्याचे गटच पडत नाहीत." बरोबर विचार आहे, पण १११११ = ४१ × २७१. सात एकांची संख्यासुद्धा २३९ × ४६४९ निघते. ११ नंतर अशी मूळ संख्या मिळते ती थेट १९ एकांची. पुढची २३ एकांची आणि त्यानंतर एकदम ३१७ एकांची!

९७ मूळ आहे हे ठरवायला २, ३, ५, ७ ने भागून पाहिलं की पुरे. १९ एकांच्या संख्येला याच रीतीने जायचं तर सुमारे १०५ कोटींपर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहावं लागेल. रीत तीच, पण माणूस थकतो. म्हणून गणितींनी नव्या कसोट्या शोधल्या. २०२४ साली सापडलेल्या मूळ संख्येत तर चार कोटी दहा लाखांहून जास्त अंक आहेत.

हे सगळं फक्त मोठ्या विद्वानांचं काम, असं समजू नका. द. रा. कापरेकर १९३० ते १९६२ देवळालीला शाळेत शिक्षक होते. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१. अशा संख्यांना त्यांनी 'डेम्लो संख्या' नाव दिलं. डेम्लो म्हणजे आजचं डोंबिवली. ही कल्पना त्यांना तिथल्या स्टेशनवर सुचली होती. खडू, फळा आणि कुतूहल एवढंच त्यांचं भांडवल होतं.

"परीक्षेत हे येत नाही," असं कोणी म्हणेल. खरंय, १९ एक येणार नाहीत. पण ९१ येतो, आणि तो मूळ समजून मुलं फसतात. भागून बघायची सवय असलेलं मूल ७ × १३ शोधून काढतं. यादीवर विसंबलेलं मूल एक संख्या विसरलं की अडतं.

म्हणून आठवड्यातून एक तास तरी यादी बाजूला ठेवा. पालकांनो, घरी "पाठ झालं का?" याऐवजी "कशावरून?" एवढंच विचारा. मुलाला उत्तर यायला वेळ लागला, तर लागू द्या.