भत्त्याआधी लोकरीला भाव द्या

प्रति,
मा. वस्त्रोद्योग आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, नागपूर



राज्याच्या २०२३-२८ च्या वस्त्रोद्योग धोरणात पैठणी, हिमरू, करवतकाठी आणि खणाच्या पंगतीला घोंगडीही बसली, याचा आम्हा बीडकरांना आनंद आहे. विणकर महिलेला वर्षाला १५ हजार, पुरुषाला १० हजार रुपये उत्सव भत्ता, हेही चांगलंच. पण हा पैसा पोचतो मागावर. घोंगडीचं घोडं अडलंय ते त्याच्या कितीतरी आधी, मेंढराच्या पाठीवर.

दख्खनी मेंढी वर्षातून दोनदा कातरावी लागते. तिची लोकर भरड, काळी-करडी. गिरण्यांना ती नको. कातरणीची मजुरीही तिच्यातून सुटत नाही, म्हणून धनगर ती टाकून देतो. भाव मटणाला आहे, मग कळपात कमी लोकरीच्या माडग्याळ जातीच्या मेंढीचं रक्त शिरतं. त्यात धनगराचं काय चुकलं?

आता पुढचं काम बघा. लोकर पिंजायची, बायांनी सूत कातायचं, सनगर विणकरानं ताणा लावून त्यावर चिंचोक्याची खळ फिरवायची, उन्हात वाळवायची, मग खड्डामागावर बसायचं. खळ कमी पडली तर सूत तुटतं, जास्त झाली तर ताठरतं. हा अंदाज जुन्या माणसाच्या शेजारी बसूनच हाताला येतो. ती माणसं आता थकली आहेत.

पोरांनी कला शिकावी, असं म्हणणं सोपं आहे. आमच्या जिल्ह्यातली तरणी जोडपी दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात, कारण मुकादम आगाऊ उचल देतो. माग काय देतो?

म्हणून तीन मागण्या. पहिली लोकर खरेदीची. मेंढी पशुसंवर्धन खात्याकडे, घोंगडी आपल्याकडे आणि लोकर मधल्या मधे बेवारस. अहिल्यादेवी मेंढी व शेळी विकास महामंडळाचं प्रक्षेत्र अंबाजोगाईला आहे. दोन्ही खात्यांनी मिळून तिथं ठरल्या दरानं, रंग आणि प्रत पाहून लोकर खरेदी करावी. दुसरी, सूत कातणाऱ्या बाईचीही विणकराप्रमाणे नोंद व्हावी आणि लाभ तिलाही मिळावा. तिसरी, ऊसतोड संपल्यापासून दसऱ्यापर्यंत शिकणाऱ्याला विद्यावेतन आणि शिकवणाऱ्या जुन्या विणकराला मानधन मिळावं.

यातलं पहिलं काम आधी करा. पुढच्या कातरणीपूर्वी दर जाहीर झाला, तर माळावर टाकली जाणारी लोकर निदान पोत्यात तरी भरली जाईल. सूत असेल तरच पोराला मागावर बस म्हणता येईल.

आपला,
पाली (ता. जि. बीड) येथील एक रहिवासी