जाहिरात करू का रे?

आषाढी आटोपली की मामांचा फोन ठरलेला. पंढरपुरात प्रदक्षिणा मार्गावर त्यांचं कुंकू-बुक्का, तुळशीमाळा आणि अगरबत्तीचं दुकान आहे. यंदा म्हणाले, "तू काँप्युटरवाला ना? इंटरनेटवर जाहिरात करू का रे? एक जण दहा हजारात करून देतोय."

ते दहा हजार दुकानाच्या गळक्या पत्र्यासाठी ठेवलेले, हे मला ठाऊक होतं.

म्हटलं, मामा, आधी हिशोब करू. गूगलने २००० साली ॲडवर्ड्स आणलं, २०१८ पासून त्याला गूगल ॲड्स म्हणतात. तिथल्या सर्च जाहिरातीत क्लिकमागे पैसे जातात. माल खपो न खपो. समजा एका क्लिकला ५ रुपये, आणि शंभरातले दोघेच घेणार. म्हणजे एक गिऱ्हाईक २५० रुपयांना पडलं. अगरबत्तीच्या पार्सलमागे सुटणार ८०. पहिल्याच विक्रीत १७० चा खड्डा! पण त्याच माणसाने वर्षात चारदा मागवलं तर ३२० सुटतील.

थोडक्यात काय, जाहिरात परवडते की नाही हे गूगल नाही, परत येणारं गिऱ्हाईक ठरवतं. चैत्री, आषाढी, कार्तिकी, माघी... चार वाऱ्यांना विठोबा गर्दी फुकटात आणतो. त्यातलं पुन्हा कोण मागवतं, याची मामांकडे नोंदच नाही!

म्हणून माझं मत: आधी प्रत्येक पुडीवर फोन नंबर छापा. कार्तिकीपर्यंत किती फोन येतात, ते वहीत लिहा. मग जाहिरातीचं बघू.

"म्हणजे आधी पत्रा?"

"आधी पत्रा, मामा."