कारखाना आला, पण आपल्याला खातं कोणतं?

राजापुरात प्रकल्पाचा विषय निघाला की दोनच बाजू दिसतात. एक म्हणते, कारखाना नको, आंबा आणि मासळी बुडेल. दुसरी म्हणते, कारखाना हवा, पोरांना रोजगार मिळेल. आधी नाणार झालं, मग बारसू. या सगळ्या भांडणात बौद्धवाडीला कुणी विचारलं? म्हणून आपला तिसरा प्रश्न आपणच मांडला पाहिजे: कारखाना आलाच, तर त्यातलं कोणतं खातं आपल्या वाट्याला येणार?

हा प्रश्न मला एका पोरामुळे पडला. बारावी शिकलेला, आमच्याच तालुक्यातला. ग्रॅफाइटचे ठोकळे कापून सुटे भाग बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला होता. मे महिन्यात गावी आला तेव्हा त्याच्या नखांतली काळी रेघ आंघोळीनेही जात नव्हती. म्हणाला, "दादा, आयटीआयवाले लेथवर. आम्ही झाडलोट करायची आणि भुकटीची पोती भरायची." तोंडाला काय बांधतोस, विचारलं. म्हणाला, "रुमाल."

ग्रॅफाइट म्हटलं की आपल्याला पेन्सिलीचं 'शिसं' आठवतं. खरं तर त्यात शिसं नसतंच, तो कार्बन असतो. पण मोठा धंदा आहे तो इलेक्ट्रोडचा. विजेच्या भट्टीत भंगार वितळवून पोलाद करायला ग्रॅफाइटचे जाडजूड खांब लागतात. आपल्याकडे नाशिकमध्ये ते बनतात. त्याचा मुख्य कच्चा माल पेट्रोलियम कोक, म्हणजे खनिज तेल शुद्ध करताना तळाशी राहणाऱ्या गाळापासून बनलेला कोळसा. त्यात कोळशाच्या डांबराची पिच कालवतात, भाजतात, मग विजेने जवळपास ३,००० अंशांपर्यंत तापवतात. या पिचच्या वाफेत कर्करोग करणारी द्रव्यं असतात. गाड्यांच्या लिथियम बॅटरीतही ग्रॅफाइट लागतं. केंद्र सरकारने २०२३ साली ३० अत्यावश्यक खनिजांची यादी केली, त्यात ग्रॅफाइट आहे. म्हणजे हा धंदा वाढणार. रिफायनरी आली तर तिच्यामागून असे उद्योग येतील, असंही आपल्याला सांगितलं जाईल.

बाबासाहेब यंत्राच्या विरोधात नव्हते. शेतीवरचा भार कमी करायला उद्योग हवेत, हे त्यांनी १९१८ सालीच लिहिलं. पण कारखान्याच्या आत जात कशी शिरते, हेही त्यांनीच दाखवलं. मुंबईच्या गिरण्यांत जास्त पगाराचं विणकाम खातं अस्पृश्यांना बंद होतं. कारण काय, तर तुटलेला धागा थुंकीने ओला करावा लागतो, विटाळ होईल! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हे खातं खुलं करण्याची मागणी लावून धरली. पुढे मजूर खात्याचा कारभार त्यांच्याकडे असताना १९४६ साली कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला.

आज विटाळाची भाषा कुणी करत नाही. आज 'स्किल' विचारतात, 'ओळख' विचारतात, ठेकेदार कुणाचा ते बघतात. आणि फडा मात्र त्याच हातात राहतो.

जमिनीचंही तेच. याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या खोतीविरुद्ध बाबासाहेबांनी १९३७ साली विधेयक मांडलं. कसणाऱ्याचं नाव कागदावर नसणं, हे आपलं जुनं दुखणं. मोबदला सातबारा बघून मिळतो. ज्याचा सातबाराच नाही, जो दुसऱ्याच्या बागेत मजुरी करून जगतो, त्याची मजुरी गेली तर त्याचा मोबदला कोण देणार?

म्हणून मित्रांनो, उद्या कोणत्याही प्रकल्पाची जनसुनावणी लागली तर नुसते झेंडे घेऊन जाऊ नका. लेखी प्रश्न घेऊन जा. कोणत्या खात्यात किती जागा, त्यात कायम किती, ठेक्यावर किती? प्रशिक्षण आधी देणार का? धुळीत काम करणाऱ्याच्या फुप्फुसांची तपासणी कोण करणार? भूमिहीनाला काय? उत्तरं लेखी आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या. उत्तर मिळालं नाही, तर आपला होकार गृहीत धरू नका म्हणून सांगा.

आणि वाडीतल्या पोरापोरींना आधी आयटीआय आणि डिप्लोमाचे फॉर्म भरायला लावा. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा यातला पहिला शब्द तोच आहे.

जय भीम!