गंधवानीहून पुणे किती दूर?

इंदूर आणि पुणे या दोन शहरांमधील हवाई अंतर सुमारे ५०० किलोमीटर, आणि वेळापत्रकात त्यासाठी लिहिलेला काळ सव्वा-दीड तासाचा. तासाला ८०० किलोमीटर जाणाऱ्या यंत्राला हे अंतर चाळीस मिनिटांतच तोडता यावे. परंतु धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे आणि खाली उतरण्यासाठी आपल्या पाळीची प्रतीक्षा करणे यांत जवळजवळ तेवढाच वेळ पुन्हा खर्ची पडतो. आकाशात जर अंतर आणि वेळ यांचा मेळ असा सैल, तर जमिनीवर तो किती सुटतो, हे विंध्याच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या गंधवानीसारख्या तहसिलीच्या गावी राहणाऱ्यासच विचारावे.

गेल्या माघात वृद्ध मामींना पुण्यास पोहोचवण्याचा प्रसंग आला. पहाटे साडेचारला, फडक्यात बांधलेल्या दशम्या उराशी धरून, त्या बसथांब्याच्या ओट्यावर येऊन बसल्या. घाट चढून धार, तेथे गाडी बदलून साठ-पासष्ट किलोमीटरवरचे इंदूर, मग विमानतळावरील तपासणी आणि बैठक; पुण्यातील लेकीच्या उंबऱ्यावर त्यांनी पाऊल ठेवले तेव्हा दिवेलागण झाली होती. चौदा तासांच्या त्या प्रवासात विमानाचा वाटा दीड तासाचाही नव्हता, आणि मामींचे पाय सुजले ते जमिनीवरच्या तासांनी.

गंधवानीच्या उत्तरेस अमझेरा आहे. १७२८ च्या नोव्हेंबरात नर्मदा ओलांडून आलेल्या चिमाजी अप्पांच्या फौजेने तेथे माळव्याच्या सुभेदाराचा, गिरधर बहादुराचा, पराभव केला, आणि पुढे धार-देवासास पवारांची संस्थाने उभी राहून कित्येक मराठी घराणी या मुलखात स्थायिक झाली. त्या काळी वाट मोजली जाई ती मुक्कामांनी; नदीचा उतार कोठे, दाणावैरण कोठे आणि थकलेले घोडे कोठवर जाईल, याचा हिशेब कोसांच्या आधी होत असे. माणसाच्या श्रमास अंतराचे माप मानणारा तो हिशेब मला आजच्या वेळापत्रकापेक्षा अधिक प्रामाणिक वाटतो.

म्हणून इंदूरहून आणखी एक विमान सुटणार, या वार्तेने मला होणारा आनंद अपुराच असतो. धारमार्गे जाणाऱ्या इंदूर–दाहोद लोहमार्गाची कोनशिला २००८ साली बसली, आणि त्यानंतर वर्षानुवर्षे धारचे लोक रुळांची वाट पाहत राहिले. आता धार जिल्ह्यातूनच जाणाऱ्या ३०९ किलोमीटरच्या मनमाड–इंदूर मार्गास केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली असून तो २०२८-२९ पर्यंत पुरा करण्याचे ठरले आहे. धारच्या लोकप्रतिनिधींनी ही मुदत टळू देऊ नये. आणि तोपर्यंत, गंधवानीहून थेट इंदूरच्या विमानतळापर्यंत जाणारी एक पहाटेची बस तरी त्यांनी मागून घ्यावी.